शिकवणाऱ्यावर देखरेख कोणाची?

२९ जून १९९२ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, रिचमंड शहराजवळ एक लहानसे हेलिकॉप्टर हवेतच तुटले आणि त्यातील दोघेही ठार झाले. एक प्रशिक्षक होता, दुसरा त्याचा शिकाऊ विद्यार्थी. असे अपघात वर्तमानपत्रांत चार ओळींत येतात आणि दुसऱ्या दिवशी विस्मरणात जातात. या अपघाताचे तसे झाले नाही. उड्डाणाच्या वेळी कॉकपिटमध्ये एक छोटा ध्वनिमुद्रक चालू होता आणि त्याची फीत चौकशी करणाऱ्यांच्या हाती लागली. शिकवणी नेहमीसारखी चालली होती, प्रशिक्षक बोलत होता, आणि त्याचे वाक्य अर्ध्यावरच तुटले, एवढे त्या फितीवरून कळले. संकटाची चाहूल लागल्याचे त्याआधीच्या संभाषणात काहीही नव्हते. मुख्य पाती हेलिकॉप्टरच्याच शेपटावर आदळली होती.

हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणात होणाऱ्या अपघातांचा विचार या अपुऱ्या वाक्यापासून सुरू करणे योग्य ठरेल. कारण अशा अपघातांचे चौकशी अहवाल ज्या वाक्याने संपतात ते मात्र नेहमी पूर्ण असते. ‘प्रशिक्षकाची अपुरी देखरेख’ किंवा ‘प्रशिक्षकाने परिस्थिती सावरण्यास केलेला विलंब’ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालांतील ठरीव शेरे आहेत. ते खोटे असतात असे नाही. शिकाऊ माणूस चुकणारच. त्याच्या चुका वेळीच सावरता याव्यात म्हणूनच शेजारच्या आसनावर प्रशिक्षक बसवलेला असतो. तेव्हा चूक सावरली गेली नाही, तर जबाबदारी प्रशिक्षकाची, हे न्यायाला धरूनच आहे. परंतु हा न्याय अर्धा आहे. त्या प्रशिक्षकाला त्या आसनावर कोणी बसवले? त्याची शिकवण्याची पात्रता कोणी तपासली? तो शिकवू लागल्यावर त्याच्या शिकवण्याकडे कोणाचे लक्ष होते? या प्रश्नांची उत्तरे शेऱ्यात नसतात. विद्यार्थ्यावर प्रशिक्षकाची देखरेख असते. प्रशिक्षकावर कोणाची असते, हा खरा प्रश्न आहे.

तो समजण्यासाठी प्रथम यंत्राचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. रिचमंडला कोसळलेले हेलिकॉप्टर रॉबिन्सन आर-२२ या जातीचे होते. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे फ्रँक रॉबिन्सन या अभियंत्याने ते तयार केले आणि १९७९ मध्ये त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळाले. दोन माणसे बसतील एवढे, भरून सुमारे ६२० किलो वजनाचे, आणि इतर हेलिकॉप्टरांच्या मानाने पुष्कळच स्वस्त. मोटार बाळगावी तसे एखाद्या सधन गृहस्थाला हेलिकॉप्टर बाळगता यावे, ही त्यामागील मूळ कल्पना. पण घडले निराळेच. स्वस्त यंत्र म्हटल्यावर ते सर्वांत आधी उचलले उड्डाणशाळांनी. जे यंत्र जाणत्या मालकाच्या हाती जायचे, ते जगभर नवशिक्यांच्या हाती गेले. आजवर अशी चार हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे बनली आहेत, आणि कित्येक देशांत हेलिकॉप्टर वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर तयार झाल्या आहेत.

आर-२२ हे वाईट यंत्र आहे असे म्हणता येणार नाही. पण ते क्षमाशील नाही. त्याची पाती हलकी असल्यामुळे त्यांच्या फिरण्यात साठलेली शक्ती थोडी असते. इंजिन बंद पडले, तर डाव्या हातातील दांडा खाली दाबून पात्यांचा कोन कमी करावा लागतो; मग खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि हेलिकॉप्टर सुखरूप उतरवता येते. जड पात्यांच्या हेलिकॉप्टरात या कृतीसाठी वैमानिकाला थोडी उसंत मिळते. आर-२२ मध्ये ती एक-दीड सेकंदाची असते. तेवढ्यात दांडा खाली गेला नाही, तर पात्यांचा वेग इतका घसरतो की तो पुन्हा मिळवता येत नाही.

दुसरा धोका याहूनही फसवा आहे. उजव्या हातातील दांडा एकाएकी पुढे ढकलला, तर क्षणभर शरीर हलके झाल्यासारखे वाटते, आणि त्याच क्षणी पात्यांवरचा भारही नाहीसा होतो. शेपटावरच्या छोट्या पंख्याचा जोर मात्र कायम असतो, त्यामुळे हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडू लागते. उजवीकडे कलले तर दांडा डावीकडे न्यावा, ही माणसाची सहज प्रवृत्ती. विमान चालवणाऱ्याच्या हाताला तर तीच सवय असते. परंतु येथे ती घातक ठरते. भार नसलेली पाती डावीकडे झुकतात, यंत्राचे धड मात्र त्यांच्यामागे वळत नाही, आणि पात्यांचा मधला भाग ज्या खांबावर ती फिरतात त्यावरच आदळतो. प्रथम दांडा हळुवारपणे मागे घेऊन पात्यांवर पुन्हा भार आणणे, आणि नंतरच कलंडणे सुधारणे, हा खरा उपाय. म्हणजे येथे मनुष्याची उपजत बुद्धीच चुकीची आहे. योग्य कृती ही शिकवूनच यावी लागते, आणि चुकीची कृती शिकवण्याआधीच विद्यार्थ्याच्या हातात असते.

अशा वेळी प्रशिक्षकाच्या असण्याचा उपयोग किती? आर-२२ मध्ये दोघांच्या मध्ये एकच उभा दांडा असून त्यावरील आडव्या पट्टीची एकेक मूठ दोघांच्या हाताशी येते. विद्यार्थी उडवत असताना प्रशिक्षकाने आपला हात त्या मुठीपासून किती दूर ठेवायचा, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर चुकले तर पुढे काही उरत नाही. विद्यार्थी गोंधळून स्वस्थ बसला, तर प्रशिक्षक ते निभावून नेतो. पण गोंधळलेल्या विद्यार्थ्याने उलट्या दिशेने जोरात हिसका दिला, तर अत्यंत अनुभवी प्रशिक्षकालाही सावरता येईलच असे नाही. खुद्द रॉबिन्सन कंपनीनेच १९८० च्या दशकात आपल्या सुरक्षा-सूचनांत हे मान्य केले होते, आणि १९८२ पासून सुरक्षिततेचे वर्गही सुरू केले होते. हे ज्ञान १९९२ मध्ये नव्हते असे नाही. ते कायद्यात उतरले नव्हते.

ते उतरले १९९५ च्या मार्च महिन्यात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने एक विशेष नियम काढला. केवळ आर-२२ आणि तिचे मोठे भावंड आर-४४ या दोन यंत्रांसाठी, ती कोणी उडवावीत आणि कोणी शिकवावीत हे त्याने ठरवून दिले. आर-२२ वर शिकणाऱ्या नवशिक्याला प्रशिक्षकासह किमान २० तास उड्डाण केल्याखेरीज एकट्याने उडता येणार नाही. एरवी अमेरिकेत एकट्याच्या पहिल्या उड्डाणापूर्वी किती तास व्हावेत याची किमान मर्यादाच नाही. आर-२२ वर शिकवणाऱ्याच्या नावावर हेलिकॉप्टरचे किमान २०० तास आणि त्यांतील ५० तास त्याच यंत्रावरचे असले पाहिजेत. शिवाय पात्यांचा घटता वेग, खांबावर होणारा आघात, भार नाहीसा होण्याचा धोका हे विषय आपल्याला नीट शिकवता येतात, हे त्याने प्रशासनाच्या निरीक्षकापुढे किंवा नियुक्त परीक्षकापुढे प्रत्यक्ष सिद्ध केले पाहिजे. नियमातील हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होय. प्रशिक्षकाला उडता येते की नाही, एवढ्यावर न थांबता, या यंत्रातील नेमके मरण त्याला शिकवता येते की नाही, हे या नियमाने विचारले.

सुरक्षा मंडळाने १९९६ मध्ये आर-२२ च्या अशा अपघातांवरचा आपला विशेष अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा या उपाययोजना कायमच्या कराव्यात अशी शिफारस केली. नियम मुळात तात्पुरता होता. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली, आणि २०२४ मध्ये त्याला नियमावलीत कायमचे स्थान मिळाले. तात्पुरत्या नियमाला कायम होण्यास जवळजवळ तीस वर्षे लागावीत, ही शासनव्यवहाराची जगभरची रीत झाली. त्यातून मिळणारा धडा मात्र स्पष्ट आहे. अपघातानंतर विद्यार्थ्याच्या वा प्रशिक्षकाच्या नावे शेरा मारून जे साधले नव्हते, ते शिकवणाऱ्याची परीक्षा घेण्याने साधण्याची वाट दिसली.

दुर्दैव असे की हा विचार दोन यंत्रांपुरताच राहिला. एकूण प्रशिक्षणपद्धतीचा पाया जसा होता तसाच आहे. अमेरिकेत व्यावसायिक हेलिकॉप्टर वैमानिकाचा परवाना १५० तासांच्या उड्डाणानुभवावर मिळू शकतो, आणि त्यानंतरची परीक्षा उत्तीर्ण झाला की तोच वैमानिक प्रशिक्षक होऊ शकतो. मात्र १५० तासांच्या वैमानिकाला नोकरी कोण देणार? रुग्णवाहतूक असो, तेलविहिरींची वाहतूक असो की वीजवाहिन्यांची पाहणी, मालक हजारांच्या घरातला अनुभव मागतात. तो मिळवण्याचा बहुतेकांना परवडणारा मार्ग एकच: शिकवणे. काल शिकून बाहेर पडलेला तरुण आज शिकवू लागतो, आणि त्याच्या विद्यार्थ्याच्या शुल्कातून त्याच्या नोंदवहीत तास जमा होतात. त्याचे लक्ष पुढच्या नोकरीकडे लागलेले असते. आवश्यक तास भरले की तो निघून जातो, आणि त्याच्या जागी त्याचाच एखादा विद्यार्थी येतो. अर्थात, म्हणजे जेव्हा तो चांगला प्रशिक्षक होऊ लागतो, नेमके तेव्हाच शिकवणे सोडतो. कोणत्याही विद्येची परंपरा अशी चालत नाही. आपल्याकडे गायनाच्या घराण्यांतसुद्धा शिष्याने कालपर्यंत शिकलेला राग आज दुसऱ्याला शिकवायला घेतला, तर गुरू त्याला थांबवतो; आणि तेथे चुकीची शिक्षा फक्त बेसूर होण्याची असते.

या अर्थकारणाचे टोक अमेरिकेने पाहिलेही. नेवाडा राज्यातून निघालेली हेलिकॉप्टर शाळांची एक प्रचंड साखळी फेब्रुवारी २००८ मध्ये अकस्मात बंद पडली. हजारो विद्यार्थ्यांनी कर्ज काढून शुल्क आगाऊ भरले होते; ते शिक्षणाविना आणि कर्जासह उरले. विद्यार्थ्यांची भरती हाच जेथे धंदा होतो, तेथे प्रशिक्षक हा शिक्षक न राहता उत्पादनाचा एक टप्पा होतो, हे त्यावरून दिसून आले.

अपघात होतात ते कोणत्या प्रसंगी, हेही पाहिले पाहिजे. इंजिन बंद पडल्यावर उतरण्याचा सराव हा हेलिकॉप्टर शिक्षणाचा अपरिहार्य भाग. परंतु हेच यंत्र बनवणाऱ्यांना २००३ मध्ये पुन्हा बजावावे लागले की या सरावातच अनेक हेलिकॉप्टरे मोडतात. प्रत्यक्षात इंजिन क्वचितच बंद पडते. ते बंद पडल्याची तालीम मात्र रोज होते. तालमीत इंजिन चालूच असते, वेळीच शक्ती वाढवून पुन्हा वर जाता येते. म्हणजे येथे यंत्र दगा देत नाही. ‘आता थांबवावे’ हे प्रशिक्षकाला एक क्षण उशिरा सुचते. विद्यार्थ्याला चूक करू द्यावी, म्हणजे तो शिकेल. पण किती करू द्यावी? ही मर्यादा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ती अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, त्याला शिकवताना पाहूनच कळते. नव्या प्रशिक्षकाला असे शेजारी बसवणारा कोणी असतो काय?

युरोपने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. तेथील नियमांनुसार हेलिकॉप्टरचा प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याकडे २५० तासांचा अनुभव असावा लागतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही त्याचे अधिकार मर्यादित असतात. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच त्याने शिकवायचे. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने उडण्याची परवानगी त्याने द्यायची नाही. शिकवण्याचे १०० तास पुरे झाले आणि विद्यार्थ्यांच्या एकट्याच्या किमान २५ उड्डाणांवर त्याने देखरेख केली, म्हणजेच ही मर्यादा उठते. प्रशिक्षकाचाही एक शिकाऊ काळ असतो, ही साधी गोष्ट या नियमाने मान्य केली आहे. अमेरिकेच्या नियमांत प्रशिक्षकाने चोवीस तासांत आठ तासांहून अधिक शिकवू नये, नव्या प्रशिक्षकाला घडवणाऱ्याला किमान दोन वर्षांचा अनुभव असावा, अशा चांगल्या तरतुदी आहेत. परंतु परीक्षा झाल्यानंतरचा हा देखरेखीचा काळ तेथे नाही.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला खर्चाचा. हेलिकॉप्टरचा प्रत्येक तास महाग असतो. देखरेखीची आणखी एक पायरी बसवली, तर शिक्षण सामान्य घरातल्या मुलाच्या आवाक्याबाहेर जाईल, असे शाळाचालक म्हणतात. हे खरे आहे. पण देखरेखीचा पुष्कळसा भाग जमिनीवरच होतो. आज कोणता धडा द्यायचा, कोणता नाही, वारा किती असेल तर सराव टाळायचा, विद्यार्थ्याची प्रगती कोठे अडली आहे, याची रोज सकाळी पाच मिनिटे ज्येष्ठ प्रशिक्षकापाशी झालेली चर्चा इंधन जाळत नाही. ज्या शाळेला ज्येष्ठ प्रशिक्षकाची ही पाच मिनिटेसुद्धा परवडत नाहीत, तिने हेलिकॉप्टर शिकवण्याचा धंदा करावा काय, हाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तासांची संख्या म्हणजे शहाणपण नव्हे. मुरब्बी प्रशिक्षकांचेही अपघात झालेले आहेत. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळ फेब्रुवारी २०१५ मध्ये आर-४४ जातीचे हेलिकॉप्टर हवेत तुटून प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही मरण पावले. त्यानंतर त्या देशाच्या अपघात चौकशी आयोगाने या यंत्रांतील खांबावरच्या आघाताचा प्रश्न २०१६ मध्ये आपल्या विशेष चिंतेच्या यादीत घातला. तेव्हा नुसते तास वाढवून भागणार नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु यातून देखरेख निरुपयोगी ठरत नाही, उलट ती नव्या प्रशिक्षकापुरती ठेवून चालणार नाही, असे सिद्ध होते. नव्याचा धोका अज्ञानाचा असतो, जुन्याचा सवयीचा. हजार वेळा काही झाले नाही म्हणून हात मुठीपासून चार बोटे दूर जातो. ती चार बोटे त्याची त्याला दिसत नाहीत; ती पाहायला दुसरे डोळे लागतात.

भारताला ही कल्पना नवी नाही. वायुदलाची प्रशिक्षक घडवणारी शाळा १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झाली आणि पुढे चेन्नईजवळच्या तांबरमला गेली. वायुदलात प्रशिक्षक झाल्यावरही माणसाची श्रेणी ठरते, परीक्षक मंडळ त्याची वेळोवेळी फेरतपासणी करते, आणि वरची श्रेणी परीक्षेनेच मिळवावी लागते. नाशिकजवळ गांधीनगर येथे २००३ पासून असलेल्या सैन्याच्या हवाई प्रशिक्षण केंद्रात हेलिकॉप्टर वैमानिकांबरोबर त्यांचे प्रशिक्षकही घडवले जातात. शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यावर कायम नजर लागते, हे तत्त्व लष्कराने केव्हाच स्वीकारले आहे. देशातील नागरी हेलिकॉप्टर सेवा आजवर बव्हंशी निवृत्त लष्करी वैमानिकांवर चालत आली, त्यामुळे या शिस्तीचा लाभ तिलाही आपोआप मिळत राहिला.

पण नागरी क्षेत्राची गरज वाढत आहे आणि वैमानिक आता नागरी शाळांतच अधिकाधिक घडवावे लागतील. तेथील स्थिती काय आहे, याचे इशारे विमानांच्या शाळांनी दिलेच आहेत. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षक मरण पावला आणि विद्यार्थिनी जबर जखमी झाली. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसी येथून उडालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या जंगलात पडून प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघांचाही अंत झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीच्या परिसरात चार दिवसांच्या आत दोन शिकाऊ विमाने कोसळली. या प्रत्येक घटनेची कारणे निराळी असू शकतील, आणि त्यांचा निवाडा चौकशीनेच व्हावा. पण विमानापेक्षा हेलिकॉप्टर कितीतरी कमी उसंत देते. जी व्यवस्था विमानांच्या बाबतीत ढिली पडते, ती हेलिकॉप्टरांच्या बाबतीत टिकून राहील असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आपल्या नियमांतही सहायक उड्डाण-प्रशिक्षक आणि पूर्ण उड्डाण-प्रशिक्षक अशा दोन पायऱ्या आहेत, आणि सहायकाने वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवावे असे अभिप्रेत आहे. नियम आहे, प्रश्न आहे तो ‘देखरेख’ या शब्दाच्या अर्थाचा. नोंदवहीत मुख्य प्रशिक्षकाची सही म्हणजे देखरेख नव्हे. एका मुख्य प्रशिक्षकामागे सहायक किती असावेत, त्याने प्रत्येक सहायकाबरोबर वर्षातून किती वेळा प्रत्यक्ष बसून उडावे, कोणते धोकादायक धडे सहायकाने द्यायचेच नाहीत, हे स्पष्टपणे ठरले पाहिजे. ते पाळले जाते की नाही हे तपासण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निरीक्षकाने कागद पाहून परत न जाता मागच्या आसनावर बसले पाहिजे. आणि हेलिकॉप्टर दोनच आसनांचे असेल, तर विद्यार्थ्याच्या जागी बसून शिकवून घेतले पाहिजे. आणि अपघात झालाच, तर चौकशी अहवालात प्रशिक्षकाच्या नावापुढे शेरा लिहिण्यापूर्वी एक प्रश्न सक्तीने विचारला जावा: या प्रशिक्षकाला शिकवताना शेवटचे कोणी, केव्हा पाहिले होते?

बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या चालकांना अडचणीचे ठरेल, आणि म्हणूनच तो विचारला गेला पाहिजे. मेलेल्या प्रशिक्षकावर दोष ठेवणे सर्वांनाच सोयीचे असते. तो उत्तर देऊ शकत नाही. उड्डाणशाळेत पाऊल टाकणारा तरुण आपला जीव यंत्रावर सोपवतो असे आपण समजतो. वस्तुतः तो जीव सोपवतो शेजारी बसलेल्या माणसावर, आणि त्या माणसाला तेथे बसवणाऱ्या व्यवस्थेवर. तो माणूस त्याच्यासोबत आकाशात जातो आणि आपल्या चुकीची किंमत त्याच्याबरोबरच मोजतो. व्यवस्था मात्र जमिनीवर राहते. तिला जाब विचारण्याची सोय कायद्यातच करावी लागेल.